काला राहिलेला सप्ताह

३ मार्च २०२५, सोमवार

पोचले एकदाची. एक ट्रंक, दोन पिशव्या आणि आबांनी बळंच दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, एवढा संसार घेऊन मी आजपासून छत्रपती संभाजीनगरची झाले. बसस्टँडवर रिक्षावाल्याला चिठ्ठीवरचा पत्ता वाचून दाखवायला लागले, तर तो म्हणाला, उस्मानपुरे में वो वीणावाला घर ना, बैठो. मला बाई फार बरं वाटलं. नोकरीचं ठिकाण रिक्षावाल्यांना माहीत असणं ही चांगली खूण असते.

घर बैठं आहे, वर गच्चीत माझी खोली. दाराला 'विश्रांती सेवाघर' अशी पाटी. आत मोठा हॉल, दोन्ही बाजूंना दोन-दोन खाटा, समोरच्या भिंतीला विठ्ठलाची काच बसवलेली मोठी तसबीर. तसबिरीपुढे गळ्यात वीणा घेऊन एक गृहस्थ उभे होते आणि हळू आवाजात 'राम कृष्ण हरी' चाललं होतं. क्षणभर वाटलं, गावच्या सप्ताहातच आले. तसंच आहे ते! सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, दोन-दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आमच्या गावी आठव्या दिवशी काला होतो, दही-लाह्या वाटतात आणि मग वीणा पाटावर ठेवतात. इथे मात्र चार वर्षं झाली, वीणा टेकलेलीच नाही.

मालक आप्पासाहेब सत्तरीचे, उंच, डोळ्यांखाली काळं. फुलंब्रीकडची मोठी शेतीवाडी भावाकडे सोपवून इथे राहतात. माझे वडील चाळीस वर्षं गावचे वीणेकरी आहेत हे ऐकून त्यांनी मलाच हात जोडले. मी ओशाळले.

काम ओळखीचं. मोठ्या दवाखान्याने 'आता घरी न्या' म्हटलेले कॅन्सरचे पेशंट इथे येतात. जखमा धुवायच्या, गोळ्या द्यायच्या, भरवायचं, शेवट जरा सोपा करायचा. मी सहा वर्षं वॉर्डात काढली, किती जणांना पांढऱ्या चादरीत बांधलं त्याचा हिशेब नाही. म्हणून विचारलं, महिन्याला साधारण किती जातात? आप्पासाहेब खाली बघून म्हणाले, या घरात अजून कुणी गेलेलं नाही.

चार वर्षांत एकही नाही. आबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, नामाचा महिमा आहे. मी म्हटलं, नर्सिंगचाही असेल थोडा. हसले.

५ मार्च, बुधवार

सध्या हॉलमध्ये दोनच पेशंट. पुंडलिकराव गुलमंडीतले शिंपी. लिव्हर गेलेलं, पोट तट्ट फुगलेलं, पण नजर अजून टेपासारखी. मला बघताच म्हणाले, सिस्टर, तुमच्या ब्लाउजचा खांदा पाऊण इंच उतरतोय, कुणी शिवला? मी म्हटलं, मीच. तर म्हणाले, मग माफ केला.

दुसऱ्या कडूबाई, पैठणकडच्या. छातीची जखम बघवत नाही. धुताना ओरडत नाहीत, पदराचा बोळा दातांत धरतात आणि झाल्यावर मलाच विचारतात, दमलीस का गं माय?

दिवसाच्या सिस्टर विशाखाताई, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्यांच्या पर्समध्ये बुद्धाचा नि बाबासाहेबांचा फोटो असतो. पहाऱ्याच्या फळ्यावर त्यांचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, मला कुणी धर म्हणालं नाय, आन म्हणालं तरी मी धरणार नाय. रागाने नाही, सरळ बोलल्या. स्वयंपाकाच्या मालनबाई मात्र पहाटेचे दोन तास नेमाने उभ्या असतात.

दहा ते बाराला साहेबराव असतात, एसटीतले निवृत्त कंडक्टर. बाराच्या ठोक्याला वीणा उतरवायला बघतात, जसा काही डेपोच आला. बारा ते दोनला नेमाचं कुणी नव्हतं, आप्पासाहेबच धरत; मी माझं नाव लिहून टाकलं. फळ्यावर 'प्रेरणा' असं लिहिताना आबांची आठवण झाली.

आतल्या खोलीत आप्पासाहेबांच्या पत्नी आहेत, वच्छलाबाई. त्यांचं सगळं ते स्वतः करतात. विशाखाताई म्हणाल्या, सावकाश जा तिकडं, घाई नको करू.

१० मार्च, सोमवार

पहारा आता अंगवळणी पडला. तोंड तसबिरीकडे, पाठ दाराकडे. दुपारी दीडच्या पुढे पश्चिमेचं ऊन उंबऱ्यातून आत येतं आणि तसबिरीच्या काचेत मागचं दार लख्ख दिसतं. विठ्ठलाच्या छातीवर एक उजळ चौकट. मला ते आवडतं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण वीणा गळ्यात पडली की ती आठवतेच. मी चौदा वर्षांची होते. गावात सप्ताह होता, आबा पहाऱ्यावर आणि घरी आई शेवटच्या घटका मोजत होती. मी पळत मंदिरात गेले, आबा चला म्हटलं. पुढचा पहारेकरी आलेला नव्हता. आबांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नाम थांबलं नाही आणि वीणा टेकली नाही. पाऊण तासाने आले. तोवर आई गेली होती.

गाव अजून त्याबद्दल आबांच्या पाया पडतं. मी तेव्हाच ठरवलं की देव आहे. असायलाच हवा. तो नसेल तर आई उगाच एकटी गेली.

आज फोनवर आबा फार खोकत होते. विड्या सोडा म्हणून मी ओरडले. सोडल्या म्हणे. खोटारडे.

१७ मार्च, सोमवार

काहीतरी गडबड आहे. आज कडूबाईंचं ब्लडप्रेशर लागेना. मशीनची बॅटरी बदलली, हाताने घेऊन बघितलं, माझ्या दंडावर लावून बघितलं. माझं बरोबर दाखवतं. त्यांचं लागतच नाही. नाडी इतकी बारीक की माझ्याच बोटाचा ठोका ऐकतेय की काय असं वाटावं. असा माणूस बेशुद्ध असतो, तासाभरात जातो. कडूबाई टक्क जाग्या होत्या आणि पाणी मागत होत्या.

वेदना कमी होत नाहीत हे त्याहून वाईट. डॉक्टरांनी वाढवून दिलेली गोळीही पोटात नुसती पडून राहते. रात्रंदिवस एक मिनिट झोप नाही. मी विशाखाताईंना म्हटलं, असं कसं होईल? त्या म्हणाल्या, मशीन चांगलं हाय, तू नवी हाईस.

आज पहाऱ्यात मी मनापासून मागितलं, देवा, कडूबाईंना सोडव. मागताना जीभ अडखळली. मागच्या खाटेवरून कडूबाई हुंदका दिल्यासारखं हसल्या. त्या दाराकडे बघत होत्या. पुंडलिकरावही दाराकडेच बघत होते.

२२ मार्च, शनिवार

पुंडलिकराव गेले. घरात नाही, दारात.

त्यांचा मुलगा अतुल न्यायला आला होता. औरंगपुऱ्यातल्या घरी आईला एकदा बघू दे म्हणाला. आप्पासाहेब नको नको म्हणत होते, पण पोराने ऐकलं नाही. आम्ही स्ट्रेचर उचललं. उंबऱ्याशी आलो तसं पुंडलिकरावांनी दोन्ही हात जोडले, समोर कुणीतरी मोठं माणूस असावं तसे, आणि म्हणाले, आलो, आलो. पायाकडची बाजू उंबऱ्याबाहेर गेली आणि श्वास सुटला.

इथवर लिहायला मला भीती वाटत नाही. पुढचं लिहिताना वाटते. खाली ठेवून मी डोळे मिटायला गेले तर अंग ताठलेलं होतं. आणि वास. मला तो वास ओळखता येतो. आत्ता गेलेल्या माणसाला तो येत नाही, आठ-दहा दिवसांपूर्वी गेलेल्याला येतो. अतुल नाकाला रुमाल लावून रडत होता आणि आपण रुमाल का लावलाय हे त्यालाही कळत नव्हतं.

विशाखाताईंनी चादर ओढली आणि एवढंच म्हणाल्या, सुटला बिचारा. परवाच पुंडलिकराव माझ्या ब्लाउजचा खांदा पुन्हा शिवून देतो म्हणाले होते. मी संध्याकाळी गच्चीत बसून खूप रडले.

२७ मार्च, गुरुवार

आप्पासाहेबांना ताप होता म्हणून वच्छलाबाईंची पट्टी आज मी बदलली. मिश्रीने झालेला तोंडाचा कॅन्सर. खालचा जबडा उरलेलाच नाही. आत काय आहे ते मी लिहिणार नाही. मी सहा वर्षं वॉर्डात काढलेली बाई, पण मोरीत जाऊन ओकले.

बोलता येत नाही म्हणून त्यांच्याकडे पाटी-पेन्सिल असते. अक्षर सुंदर, एके काळच्या शाळामास्तरणीचं. मला बसवून घेतलं आणि लिहिलं:

दारात उभा आहे.

मी विचारलं, कोण? त्यांनी पुसून लिहिलं: ज्याला हाक मारता तो.

त्यांची खाट दाराच्या सरळ रेषेत आहे. मी वळून बघितलं. हॉल, वीणा घेतलेले साहेबराव, त्यापलीकडे उघडं दार आणि रिकामी गल्ली. कुणी नव्हतं. मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली, माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखी.

चार वर्षं उभा आहे. न्यायला आलाय. तुम्ही आत येऊ देत नाही.

मग पाटी स्वच्छ पुसली आणि एकच शब्द मोठ्ठा लिहिला: ठेवा.

मला कळायला वेळ लागला. वीणा. वीणा खाली ठेवा.

१ एप्रिल, मंगळवार

परवा पाडवा झाला. मालनबाईंनी कडूलिंबाची चटणी केली, कडूबाईंनी ती मागून घेतली. त्या आता दोन आठवडे नाडीशिवाय आहेत. मी लिहितेय खरी, पण हे लिहिलेलं माझ्या नर्सिंगच्या मॅडमनी वाचलं तर मला वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील.

आज आप्पासाहेबांना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, बाईंचे चार दिवस. त्यांनी घरीच सप्ताह बसवला. सातवा दिवस उजाडला तरी वच्छलाबाई होत्या. आठव्या दिवशी काला करायचा, वीणा ठेवायची. दह्यात लाह्या कालवून झाल्या होत्या. त्यांच्या मनात आलं, ठेवली आणि ही गेली तर? म्हणून ते शेजाऱ्यांना म्हणाले, फक्त एवढा पहारा होऊ द्या, मग ठेवू. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

पुढे इतर आजारी लोक येऊ लागले, तेही जाईनात; घरचे उचलून नेत तेव्हाच उंबऱ्यापलीकडे सुटत. लोक म्हणाले, जागृत स्थान आहे. आप्पासाहेब म्हणाले, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पोरी. तिच्या डोळ्यांकडं बघून कळलं होतं. पन माझा हात व्हईना.

मला त्यांचा संताप आला. मी नाही नाही ते बोलले. तुमचं प्रेम नाही, हा छळ आहे, म्हटलं. तुम्ही देवाचं नाव घेऊन देवालाच दाराबाहेर धरून ठेवलंय.

गच्चीत येऊन बसले. आजवर मला एकच भीती होती की देव ऐकत नसेल. इथे तो ऐकतोय. आपण 'नेऊ नको' म्हटलं, तो नेत नाही. 'दुखू नये' हे कुणी म्हणायचं राहिलं, तर ते तो आपण होऊन करत नाही. असा कसा हा? की हा तो नव्हेच, दुसरंच कुणी आपल्या हाकेला ओ देतंय? आबांना विचारायचं होतं, पण त्यांनी फोन उचलला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

आप्पासाहेब तयार झाले. काल दिवसभर बायकोच्या उशाशी बसले होते. आज सकाळी मला हाक मारून म्हणाले, हनुमान जयंतीला काला करू. बारा तारीख. गावाहून भजनी येतील. पाटीवर वच्छलाबाईंनी तारीख लिहून ठेवलीय. पुसू देत नाहीत.

कडूबाईंनी माझा हात हातात घेऊन गालाला लावला. हात गार होता. मला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

आबा मोठ्या दवाखान्यात आहेत. शेजारच्या माणसांनी आणलं. बेसिनमध्ये रक्त पडलं म्हणे, ते चार महिन्यांपासून पडत होतं. मला सांगितलं नाही. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी. डॉक्टर माझ्याच वयाचा. म्हणाला, सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं, दोन दिवस, फार तर तीन.

आबा म्हणतात, गावी ने. आपल्या मंदिरापाशी. मला त्यांच्या पायांचे तळवे दिसत होते, उभं राहून राहून टाचा पार फुटलेल्या.

मला दुसरं माणूस नाही. आई नाही, भाऊ नाही. हे मी देवाला आज दहा वेळा सांगितलं, जसं काही त्याला माहीत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आबांना इथे आणलं.

लिहून ठेवते की मला सगळं ठाऊक होतं. उद्या मी म्हणेन की सुचलं नाही, घाबरले होते. खोटं. रिक्षात बसून मी नीट विचार केला होता. त्यांना म्हटलं, गाव लांब आहे, वाटेत त्रास होईल, माझ्यापाशी या, तिथे वीणाही आहे. वीणेचं ऐकून ते खुलले.

उंबरा ओलांडताना मी डोळे मिटून घेतले. त्यांना पुंडलिकरावांच्या खाटेवर झोपवलं. विशाखाताई म्हणाल्या, हितं कशाला आणलंस गं? मी म्हटलं, तीनच दिवस तर आहेत. बारा तारखेला काला आहेच की.

११ एप्रिल, शुक्रवार

आबा जेवले. वरणभात, चार घास. वीणेच्या तालावर बोट हलवत होते. साहेबराव कुठे चुकतात ते मला सांगितलं. किती दिवसांनी आम्ही असे निवांत बसलो. आईचा विषय निघाला नाही.

डॉक्टरचे तीन दिवस काल संपले.

रात्री बरगड्यांत कळ आली. गोळी दिली. पुन्हा दिली. उपयोग नाही. तोंडात टॉवेल धरून पडून होते, मला ऐकू येऊ नये म्हणून.

उद्या काला.

१२ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ

उभ्यानेच लिहितेय. वही खिडकीच्या कट्ट्यावर आहे. डाव्या हाताचं बोट तारेवर, उजव्यात पेन. राम कृष्ण हरी. तोंड चालू आहे.

बाराला साहेबरावांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. शेवटचा पहारा माझा, असं ठरलं होतं. मालनबाईंनी दही-लाह्या कालवल्या. भजनी आले. वच्छलाबाईंची खाट आप्पासाहेबांनी ओढून दाराशी आणली, त्यांना नवं लुगडं नेसवलं होतं. दोनला आप्पासाहेब माझ्यासमोर आले आणि हात पुढे केले. पाट मांडलेला होता, त्यावर फुलं.

मी आबांकडे बघितलं. आणि माझे हात सुटले नाहीत.

आप्पासाहेब म्हणाले, दे पोरी. मी मागे सरकले. ते पुन्हा म्हणाले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, फक्त एवढा पहारा होऊ द्या.

त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघू शकले नाही. त्यांनी बळजबरी केली नाही. त्यांना कशी करता येईल? तिथेच उंबऱ्याजवळ वच्छलाबाईंच्या पायाशी बसले; खाट बाहेर ओढायला त्यांचाही हात होईना. भजनी थोडा वेळ थांबले आणि एकेक करून निघून गेले. मालनबाई जाताना म्हणाल्या, म्या न्हाई आता धरायची. साहेबरावांनी फळ्यावरचं आपलं नाव पुसलं.

वच्छलाबाईंच्या पाटीची पेन्सिल खाली पडून तुटली. त्याचा आवाज ऐकला.

१३ एप्रिल, रविवार. सकाळ

कुणी आलं नाही. पाय सुजलेत. बोटातून रक्त येतंय, तार चिकट झालीय.

पहाटे आबांची नाडी बघितली. वीणा सांभाळत वाकून बघितली. लागत नाही. मनगटात नाही, गळ्यात नाही. मी नर्स आहे. मला कळतं.

डोळे उघडे आहेत. माझ्याकडे बघून म्हणाले, प्रेरणा, पाणी दे गं.

१३ एप्रिल. दुपार

दीड वाजला. ऊन आत आलं. काचेत मागचं दार उजळलं.

त्या उजेडात कुणीतरी आहे.

रिकामी चौकट मी महिनाभर बघितलीय. आज ती भरलीय. काळं, उंच. कमरेवर हात ठेवून उभं राहावं तसं — पण नीट दिसत नाही — वळून बघायची हिंमत नाही. हलत नाही. घाई नाही त्याला. पाठीला गार लागतंय, एप्रिलच्या उन्हात.

माझाच टॉवेल तसबिरीवर टाकला. विठ्ठलाचं तोंड झाकलं. मी. आबांच्या पोरीने.

आबा बघत होते.

१३ एप्रिल. रात्र

कडूबाई ठेव म्हणतात. एका लयीत. ठेव ठेव ठेव. मी राम म्हणते, त्या ठेव म्हणतात. आप्पासाहेब भिंतीला डोकं टेकून. दही आंबलं, त्याचा वास. दुसराही वास आहे. तो कुणाचा ते मला —

१४ एप्रिल, सोमवार

बाहेर जयंतीचे ढोल. विशाखाताई पांढऱ्या साडीत आल्या, मिरवणुकीला जाताना. मला बघून पिशवी खाली पडली.

आबांचा हात धरून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, मी देव मानत नाय, पन ह्या माणसाला काय होतंय ते मला दिसतंय. तुला दिसतंय का? मी म्हटलं, ओढून घ्या माझ्याकडून. म्हणाल्या, ओढून घेतली तर जन्मभर मला धरशील. तुझ्या हातानंच ठेव.

दारात कुणी आहे का, मी विचारलं. म्हणाल्या, मी बसते की दारात. पायरीवर बसल्यात. ढोलाकडे गेल्या नाहीत.

१४. दुपार

आबा बोलले. आवाज येत नाही आता, नुसते ओठ. कान जवळ नेला.

दारात आलाय, म्हणाले. चाळीस वरसं बोलीवला, त्यो. लई दमलाय गं.

मी नाही म्हटलं. तुम्हीच शिकवलं, म्हटलं. वीणा टेकवायची नाही. आई जात होती तरी तुम्ही —

आबा रडले. पाणी आलं नाही डोळ्यांत. कोरडं रडले. आणि म्हणाले — हे नीट लिहिते —

तवाच ठिवायला पायजे व्हती, पोरी.

१४

राम कृष्ण

टॉवेल काढला. आहे. जवळ आहे. उंबऱ्यावरच. त्याचे पाय दिसतात. टाचा फुटलेल्या.

पाट दोन पावलांवर. फुलं वाळली. आबा बघतायत, हात जोडलेत माझ्यापुढे. बापाने हात जोडलेत. गाठ सोडली मी. गळ्यातली. वीणा हातात घेतली. वाकते. ठेवते, आबा. ठेवते हो. आत्ता ठेवते. फक्त एवढा पहारा —